भरल्या तोंडाचा जावई

१ फेब्रुवारी १९७६, रविवार

सकाळी सोलापूर स्टेशनवर जाऊन वजन केलं. मशीनमध्ये नाणं टाकलं, दिवे लागले, तिकीट पडलं. दिवाळीत होतो त्यापेक्षा चोवीस किलो कमी! तिकिटाच्या मागे भविष्य छापलेलं असतं. माझं भविष्य: आपला स्वभाव क्षमाशील आहे. मशीनला वजनातलं कळतं, बाकी काही कळत नाही.

आजपासून डायरी. कुणालाही दाखवायची नाही. सौ.ला तर नाहीच.

उद्देश लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मन विरघळायला नको. उद्देश: सूड.

दिवाळीला माळशिरसला सासुरवाडीत गेलो होतो. ओसरीवर सगळे जमलेले. मी बाजेवर बसलो आणि बाज मोडली. बाज जुनी होती. पण माझा धाकटा साडू मानसिंग, राहणार टेंभुर्णी, धंदा ट्रकचा, भर ओसरीत म्हणाला, साडूभाऊ, आता तुमाला बसायला आमचा ट्रकच आणावा लागतोय की. सासरे आबासाहेब हसले. सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. सौ.पण हसली. ती नाही म्हणते, पण मी खाली पडल्या पडल्या बघितलं होतं.

त्याच दिवशी ठरवलं. साखर बंद, शेंगाचटणी बंद, दोन वेळा अर्धी अर्धी कडक भाकरी आणि ताक. हुरड्याची बोलावणी आली, गेलो नाही. कोणी भजी तळली की मी खिडकी लावून मानसिंगचं तोंड आठवायचो. भूक मरायची.

आता पुढचा टप्पा. ९ मेला मेहुण्याचं, आण्णाचं लग्न. लग्न माळशिरसलाच, आमच्या सासऱ्यांच्या दारात. त्या घरात नवरदेवाला बाशिंग बांधायचा मान थोरल्या जावयाचा. थोरला जावई मी. सगळ्या वऱ्हाडासमोर मी सडपातळ, ताठ, नव्या सुटात. मानसिंग ढेरी सावरत मागे. बाशिंग बांधून झालं की त्याच्याकडे वळून मी एकच वाक्य बोलणार. त्या वाक्यानंतर त्याने टेंभुर्णीच्या बाहेर तोंड दाखवता कामा नये.

वाक्य अजून ठरलेलं नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

ऑफिसात विचित्र प्रकार. हेडक्लार्क सिद्धलिंगप्पा खुर्ची सोडून माझ्या टेबलाशी आले आणि हळू आवाजात, कानडी वळणाने म्हणाले, एनप्पा कुंडलिकराव, घरातलं कोण गेलं? मी म्हणालो, कोणी नाही. ते म्हणाले, मग तोंड असं का उतरलंय? मी म्हणालो, तोंड नाही साहेब, वजन उतरलंय. त्यांनी माझा हात हातात घेऊन दाबला. म्हणाले, असू द्या, रजा लागली तर सांगा.

चहावाल्याने न सांगता चहात आलं घालून दिलं.

लोकांना दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

दाढीचा आरसा अंगणात नेऊन उन्हात बघितलं. बघायला नको होतं.

गाल जागेवर नाहीत. म्हणजे कातडी आहे, आतला माल गेलाय. डोळ्यांखाली खळगे. हनुवटीखाली बाजारातून रिकामी परत आणलेल्या पिशवीसारखं काहीतरी लोंबतंय. मी छत्तीस वर्षांचा. आरशातला गृहस्थ पेन्शन खाणारा. उपास केला पोटाने आणि हाल झाले तोंडाचे. पोट अजून थोडं आहेच.

सौ. म्हणाली, अवं, मी कवाधरनं सांगतीया, तुमचं त्वांड पार बसलंय. शेजारच्या बाया मला इचारत्यात, नवऱ्याला खायला घालतीस का न्हाईस.

मी तिला म्हणालो, याला फीचर्स म्हणतात. पण मनातून घाबरलो. हे तोंड घेऊन मानसिंगसमोर गेलो तर वाक्य माझ्याऐवजी तोच बोलेल.

ठराव: पोट आत ठेवायचं, फक्त गाल बाहेर आणायचे. तीन महिने आहेत. चोवीस किलो हलवणाऱ्या माणसाला दोन गाल म्हणजे काहीच नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मधल्या मारुतीजवळ मैनुद्दीनचं दुकान आहे. अत्तर, सुरमा, स्नो, क्रीम, शिवाय पोत्यांमध्ये जडीबुटी. मला बघून म्हणाला, क्या हुआ साब, मूं पूरा उतर गया की. म्हणजे याचंही तेच. मी म्हणालो, उतरलंय ते चढवायला काय आहे ते काढ. त्याने मुलतानी मिट्टी दिली. म्हणाला, चमडी ऐसी टाइट हुईंगी साब, ढोल के सरका बजेंगी.

हुशार माणूस. याला सूड सांगितला असता तर समजला असता.

१५ फेब्रुवारी, रविवार

मिट्टी लावली. पंख्याखाली बसलो. वाळली. मैनुद्दीन खरं बोलला होता, इतकी टाइट झाली की तोंड उघडेना. सौ.ने चहा आणला, पिता येईना. तेवढ्यात शेजारच्या चंद्रव्वा विरजण मागायला आल्या, मला बघून किंचाळल्या आणि वाटी टाकून पळाल्या. सौ.ला हसू आवरेना. तिचं बघून मला आलं आणि सगळी मिट्टी तडकली.

धुतल्यावर गाल आहे तिथेच. सुरकुत्या मात्र पहिल्यापेक्षा स्वच्छ दिसतात. म्हणजे मिट्टीने आपलं काम केलं. प्रगती आहे.

२३ फेब्रुवारी, सोमवार

आठवडाभर साय आणि हळद चोळली. सायीने भरतं आणि हळदीने उजळतं, असं सौ.ने मासिकात वाचलं होतं. (साय फक्त लावायची, खायची नाही. बोटं चाटली ती धरायची नाहीत.) आज घाईत नीट धुतलं गेलं नाही. ऑफिसात जाताच सिद्धलिंगप्पांनी माझी पापणी खाली ओढून डोळा बघितला. कावीळ, म्हणाले. अक्कलकोटच्या वाटेवर एक माणूस कावीळ उतरवतो, त्याच्याकडे रविवारी न्यायचं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

दुपारपर्यंत सगळ्या ऑफिसला कळलं. पाण्याच्या माठाजवळचा माझा पेला कोणीतरी वेगळा ठेवला.

३ मार्च, बुधवार

नवा उपाय. शास्त्रीय. त्याच मासिकात चेहऱ्याचे व्यायाम आले आहेत. तोंडात हवा भरून गाल फुगवायचे, दहापर्यंत मोजायचं, सोडायचे. मग ओठ पुढे काढून ऊ, मागे नेऊन ई. दिवसातून जितक्या वेळा जमेल तितकं करा, असं लिहिलंय. मी कामाच्या वेळातही चालू ठेवले.

आज मोठे साहेब माझ्या टेबलासमोर उभे राहून शिस्तीवर बोलत होते. हल्ली रोजच बोलतात, दिवसच आणीबाणीचे आहेत. माझं लक्ष आकड्यांकडे होतं, आठ, नऊ, आणि दहाला मी हवा सोडली. आवाज झाला. पुढचं लिहीत नाही. मेमो मिळाला आहे.

मानसिंगच्या खात्यावर हाही जमा.

१० मार्च, बुधवार

माळशिरसला बातमी गेलेली आहे. सौ.चा मामा बाजाराला आला होता, त्याने मला रस्त्यात बघितलं आणि जाऊन सांगितलं की थोरल्या जावयाला क्षय झालाय. सासूबाई सोजरबाई म्हणे दोन दिवस जेवल्या नाहीत. सौ. रडायला लागली. मी म्हणालो, रडू नकोस, मी असा पुरावा पाठवतो की सगळ्यांची तोंडं बंद होतील.

स्टुडिओवाल्या कासीमकडे गेलो. फोटो काढून घेतला. कासीम निगेटिव्हवर पेन्सिलीने काम करतो, देवीचे वण घालवतो, तिरळा डोळा सरळ करतो. त्याला सांगितलं, गाल भर. त्याने विचारलं, कित्ते भरूं? मी म्हणालो, लग्नात उठून दिसतील इतके.

१५ मार्च, सोमवार

फोटो अप्रतिम. गाल असे की चिमटा काढावासा वाटतो. इतका चांगला फोटो पाकिटात घालणं बरं वाटेना. मोठा करून, काच लावून, सोनेरी फ्रेममध्ये बसवला आणि माळशिरसच्या एसटीने ओळखीच्या कंडक्टरबरोबर पाठवून दिला. मानसिंगही बघेल. बघू दे. जळू दे.

२१ मार्च, रविवार

फार मनस्ताप.

सकाळी दारात आबासाहेब, सासूबाई आणि मानसिंग! सासूबाई रस्त्यातूनच हंबरडा फोडत आल्या. काच लावलेला, फ्रेम केलेला, मोठा फोटो, बरोबर दोन ओळींची चिठ्ठीही नाही. त्यांच्या घरात असा फोटो माणूस गेल्यावरच येतो. त्या जागच्या जागी बसल्या होत्या म्हणे. मानसिंगने तिथल्या तिथे गाडी काढली होती.

आता माझी बाजू. मी त्यांना खिडकीतून येताना बघितलं आणि प्रसंगावधान राखून दोन्ही गालांत कापसाचे बोळे घातले. गाल भरले. झकास दिसत होतं. पण आबासाहेबांनी विचारलं, जावईबापू, कसं हाय? आणि मला फक्त ऊं करता आलं. पुन्हा विचारलं. पुन्हा ऊं. मानसिंग माझ्याकडे बघत राहिला आणि आबासाहेबांच्या कानात म्हणाला, मामा, वाचा गेली वाटतंय. पॅरालिसिस असल.

बोळे काढून खुलासा केला असता तर कापूस दाखवावा लागला असता. मी खुलासा केला नाही.

जाताना आबासाहेब सौ.ला म्हणाले, बाशिंग भरल्या तोंडाच्या मानसानं बांधावं, अशी आपल्यात रीत हाय. जावईबापूंची तब्येत ही अशी. मानसिंग बांधल. तू काय मनाला लावून घिऊ नगं. मानसिंग म्हणाला, न्हाई मामा, मान साडूभाऊंचा हाय, त्ये बरं हुत्याल की तवर. त्येंचं त्वांड भरलं तर त्येच बांधत्याल.

काय पण नाटक! माझा मान काढून घ्यायचा आणि वर मोठेपणा मिरवायचा. या माणसाला मी सोडणार नाही.

सोलापुरी चादरी देऊन पाठवणी केली. मानसिंगला मुद्दाम जुन्या डिझाइनची दिली.

४ एप्रिल, रविवार

बुधवारी पाडवा झाला. नवीन वर्ष, नवीन जोर. दातांच्या मागे दोन्हीकडे पानाचा तोबरा धरला की गाल नैसर्गिकपणे भरतात, असा शोध लागला आहे. कापसासारखी चोरी नाही, पान कोणीही खातं. दोन दिवस तोबरा धरून हिंडलो. तिसऱ्या दिवशी ठसका लागला. समोर सिद्धलिंगप्पा होते. पांढरं धोतर, पांढरा सदरा.

त्यांनी रुमाल काढून आधी माझं तोंड पुसलं. ते खरंच चांगले आहेत. पण अक्कलकोटच्या वाटेवरच्या त्या माणसाकडे मला अखेर जावंच लागलं.

१४ एप्रिल, बुधवार

पुण्याहून शिकून आलेल्या एका बाईंनी पूर्व भागात ब्यूटी पार्लर काढलंय. सोलापुरात असं काही निघेल असं वाटलं नव्हतं. फेशियल नावाचा प्रकार असतो, वाफ देतात, मालिश करतात, गाल वर चढतात. दारातच बाईंनी थांबवलं. फक्त लेडीज. मी म्हणालो, मिसेससाठी विचारतोय. म्हणजे सगळी पद्धत बघून येईल आणि घरी माझ्यावर करेल, असा बेत.

सौ. जाऊन आली. दोन तास लागले. पद्धत काही सांगता येईना, म्हणाली मला झोप लागली हुती. तिचा चेहरा मात्र असा टवटवीत झालाय की चंद्रव्वांनी विचारलं, सारजाबाई, काय गोड बातमी?

सौ. आठवडाभर गुणगुणतेय. मी तिच्याशी बोलत नाही.

२० एप्रिल, मंगळवार

डॉक्टरांना दाखवलं. थुंकी तपासली, छाती बघितली, सगळं ठणठणीत. त्यांनी विचारलं, नेमका त्रास काय? मी म्हणालो, गाल. ते म्हणाले, उपाशी राहून झपाट्याने उतरलात, तोंडावरची चरबी गेली, कातडी मागे राहिली. रीतसर जेवा, हळूहळू भरेल. मी विचारलं, फक्त गालांपुरतं जेवता येईल का? ते म्हणाले, नाही.

जेवलो तर पोट आधी येणार, हे नक्की. डॉक्टरांचं शिक्षण झालंय, पण त्यांना साडू नसावा.

३ मे, सोमवार

सहा दिवस राहिले. सूट शिवून आला आहे. सुटात मी गळ्यापर्यंत नवरदेव आणि गळ्याच्या वर नवरदेवाचे आजोबा.

काल अक्षय तृतीया. घराघरात आमरस. मी ताक प्यायलो. आरसा उलटा करून ठेवला आणि मानसिंगचा विचार करत पडलो.

आज देवाने मार्ग दाखवला. सिद्धलिंगप्पांच्या मेव्हण्याच्या गालाला चुकून बिब्बा लागला. ते सांगत होते, एका रात्रीत तोंड असं फुगलं की घरची माणसं ओळखेनात. सगळे हळहळले. मी एकटा खुर्चीत ताठ झालो.

आजवर कोणी याचा असा विचारच केला नाही. बिब्ब्याने फुगतं हे सगळ्यांना माहीत आहे. प्रश्न फक्त मापाचा आहे. त्या मेव्हण्याला बेहिशेबी लागला. मी हिशेबाने लावणार.

६ मे, गुरुवार

मैनुद्दीनकडून बिब्बे आणले. त्याने विचारलं, किसकू लगाना? मी म्हणालो, गुडघ्याला. तो म्हणाला, संभालके साब, मूं कू हात नक्को लगाना. मी हसलो.

संध्याकाळी सुई तापवून बिब्ब्याला टोचली. तेल निघालं. काडीच्या टोकाने दोन्ही गालांना एक एक ठिपका. मोहरीएवढा. थोडी आग झाली. सौ.ला सांगितलं, काजळ लागलंय.

उजव्या बाजूला जरा कमी वाटलं म्हणून आणखी एक ठिपका. मग डाव्या बाजूला, सारखं दिसावं म्हणून.

८ मे, शनिवार, संध्याकाळी. मु. माळशिरस

विजय! विजय! विजय!

सकाळी उठलो तर गाल भरलेले. गुलाबी, तुकतुकीत, कासीमच्या फोटोसारखे. थोडी खाज आहे, ती कशाला नसते? एसटीत एका बाईने मला न मागता जागा दिली, म्हणजे तोंडावर तेज असणार.

मांडवाच्या दारात आबासाहेबांनी मला मिठी मारली. ओरडून सगळ्यांना म्हणाले, बगा रं, भरल्या तोंडाचा जावई आला माझा! सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी. आबासाहेबांनी तिथेच सांगून टाकलं की बाशिंग मीच बांधणार. मानसिंग लांबून पळत आला आणि माझे दोन्ही हात धरून म्हणाला, बरं झालं बगा साडूभाऊ, मला लई घोर लागला हुता.

हसून बघितलं मी त्याच्याकडे. त्याला काय माहीत उद्या काय आहे. वाक्य ठरलंय: मानसिंगराव, बाशिंग बांधायला डोकं लागतं, ट्रक नाही.

खाज वाढली आहे. उन्हाने असेल. डावा डोळा जरा लहान झाल्यासारखा वाटतो.

११ मे, मंगळवार. माळशिरस, मळ्यातली खोली

आज डोळे किलकिले उघडतात, म्हणून लिहितो. झालं ते क्रमाने लिहितो, म्हणजे कोणाचं काय चुकलं ते कळेल.

रविवारी पहाटे उठलो तर नीट दिसेना. डावा डोळा मिटलेला, उजव्याची नुसती फट, ओठ सुजलेले, गालांवर पाण्याने भरलेले फोड, अंगात ताप. सौ. उठली, माझ्याकडे बघितलं आणि ओरडायच्याऐवजी हात जोडून मागे सरकली. सासूबाई आल्या. त्यांनी पण हात जोडले. म्हणाल्या, देवी आल्या. आई, आलीस तशी सुखानं ऱ्हा.

मी सांगायला गेलो, बिब्बा. सुजलेल्या ओठांतून निघालं, बुब्बू.

ज्या घरात देवी येतात त्या घरात फोडणी देत नाहीत, तळण करत नाहीत. देवीच्या अंगाची आग होते म्हणे. इकडे परसात चुली पेटलेल्या, बुंदीचं तेल तापलेलं, पाचशे माणसांची आमटी फोडणीची वाट बघतेय. आचारी झारा खाली ठेवून उभा राहिला. आबासाहेब म्हणाले, लगीन बिनफोडणीचं करायचं का रं आता? मग असं ठरलं की देवी घरात नको, मळ्यात असाव्यात. मला गोधडीत गुंडाळून बैलगाडीत घातलं. सासूबाई गाडीच्या पुढे लिंबाचा डहाळा घेऊन चालत होत्या. मी तोंड उघडलं की त्या म्हणायच्या, आई बोलतीया, गप ऱ्हावा.

तेवढ्यात तालुक्याचे देवी डॉक्टर, म्हणजे लस टोचणारे, जीप घेऊन आले. देवीचा रोगी कळवा, बक्षीस मिळवा, हे सरकारने भिंतीभिंतीवर रंगवून ठेवलंय. आरोग्य खात्याची जीप दिसताच निम्मे पुरुष उसात पळाले, त्यांना नसबंदीवाले वाटले. जे राहिले त्यांना मांडवातच दंडावर लस टोचली. नवरदेवालाही. नवरीकडच्या होटगीच्या पाहुण्यांनी लस टोचल्यावर जेवायला आधी बसवा म्हणून भांडण काढलं.

मला तेव्हा पक्कं ठाऊक होतं की कळवणारा मानसिंग. मान तर मान, वर माझ्या नावावर बक्षीस! गोधडीत पडल्या पडल्या मी दात आवळायला गेलो, पण तोंड मिटत नव्हतं. नंतर खोलीबाहेर बोलणं ऐकू आलं. पहिल्यांदा मीच बघितलं, बक्षीस मला द्या, म्हणत पाच जण देवी डॉक्टरांच्या मागे लागले होते. आचारी, सौ.चा मामा, वाजंत्रीवाल्यांपैकी दोघं. पाचवी सौ. होती. ती म्हणत होती, मीच आदी बगितलं, मी तर शेजारीच निजले हुते.

त्यांच्यात मानसिंग नव्हता. दिवसभर नव्हता.

तो दुपारी आला, अक्षता पडल्यावर. देवी डॉक्टरांनी दारावर बसवलेल्या पहारेकऱ्याशी हुज्जत घालून आत आला. डोक्याला फेटा, हातात झाकलेलं ताट. मला त्याचा फेटा तेवढा दिसत होता, उजव्या डोळ्याच्या फटीतून. वाटलं, आता हसेल. त्याने ताट खाली ठेवलं आणि माझ्या पायांवर डोकं टेकलं.

मी किती महिने या क्षणाची वाट बघितली! मानसिंग माझ्या पायांवर! आणि तो बोलायला लागला. माझ्याशी नाही. देवीशी. म्हणाला, आई, ह्यो माझा साडू. मानूस लई भारी हाय. जरा तापट हाय, पर मनात काय ठिवत न्हाई. ह्येला सोड, घरात बायको हाय. तुला काय पायजे त्ये माज्याकडनं घे.

बाशिंग त्यानेच बांधलं होतं. पण बांधताना भटजींना थांबवून सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाला की हे मी थोरल्या जावयाच्या नावानं बांधतोय, हात तेवढा माझा. हे मला पहारेकऱ्याने सांगितलं.

मग त्याने मला दहीभात भरवला. ओठ उघडत नव्हते, म्हणून लहान लहान घास करून. भात संपल्यावर इकडे तिकडे बघून खिशातून बुंदीचा लाडू काढला. म्हणाला, आईला चालतंय का म्हाईत न्हाई, पर तुमी खावा. मी खाल्ला. त्याने आणखी काढले. मी तेही खाल्ले. दिवाळीपासून इतकं गोड मी काही खाल्लं नव्हतं. वाक्य बोलायची वेळ ती होती, पण तोंड भरलेलं होतं.

काल मोठे डॉक्टर आले. फोडांकडे बघितलं, दोन्ही गालांवरचे काळे ठिपके बघितले आणि विचारलं, बिब्बा कोणी लावला? बैलगाडीपासून बांधापर्यंत सगळं गाव हसलं. आबासाहेब हसले, सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या, सौ. पोट धरून हसली, आणि मग बक्षीस गेलं म्हणून थांबली.

मानसिंग हसला नाही. त्याने डॉक्टरांना विचारलं, डोळ्याला काय हुणार न्हाई न्हवं?

१६ मे, रविवार. सोलापूर

घरी. सूज उतरली, खपल्या पडताहेत. त्याखाली गाल पहिल्यापेक्षा आत गेलेत. सिद्धलिंगप्पा बघायला आले होते, रजेचा अर्ज स्वतःच लिहून आणला होता, त्यावर माझी सही घेतली आणि गेले.

सकाळपासून मानसिंगविरुद्ध पुढचा बेत लिहायला बसलो आहे. बारकाईने विचार केला. त्याने मुद्दाम चांगुलपणा केला, म्हणजे मला जन्मभर खाली बघावं लागावं. हा त्याचा डाव असणार. पण डाव म्हणावा तर त्या खोलीत बघायला कोणीच नव्हतं. देवी पण नव्हती.

एक गोष्ट सारखी डोक्यात येते. मनात काही ठेवत नाही, असं माझ्याबद्दल आजवर दुसरं कोणीही म्हटलेलं नाही. आईनेसुद्धा नाही. आता याच माणसावर मी सूड उगवला, तर तो खोटा पडेल, आणि देवीसमोर बोललाय.

आता मी कोणाचा राग करू?

सौ. आतून विचारतेय, संध्याकाळी काय करू. तिला म्हणालो, भात, आमटी, जे असेल ते कर, पण फोडणी चांगली दे, आणि मला पोटभर वाढ.